गुबगुबीत देवनागरी : जुन्या वळणाच्या शीर्षक-फॉन्टांचा आढावा

गेल्या दहा-बारा वर्षांत मराठी अक्षरांचा एक घाट सगळीकडे दिसू लागला आहे. जाड, गोलसर, कोपरे मऊ, पोटातली पोकळी जवळजवळ बुजलेली. चिवड्याच्या पाकिटावर, बालपुस्तकाच्या मुखपृष्ठावर, गणेशोत्सवाच्या कमानीवर, नव्या मिसळ-हॉटेलाच्या पाटीवर आणि मोबाइलवरच्या व्हिडिओच्या शीर्षकात तो हमखास भेटतो. पाहणाऱ्याला तो जुना वाटतो, आपलाही वाटतो. तरी या घाटाचे बरेचसे फॉन्ट २०१४ नंतरचे आहेत. त्यांच्याभोवती अक्षररचनाकार, सुलेखनकार, जाहिरातवाले आणि डीटीपी करणारे यांच्यात चर्चा सुरू आहे. हा घाट आला कुठून, तो आपला किती आणि उसना किती, तो कुठे शोभतो, आणि ज्या हातांनी पूर्वी अशी अक्षरे काढली त्यांचे यात काय, हे तिचे मुख्य मुद्दे. आज ती कुठवर आली आहे ते या लेखात मांडतो.

खिळ्यांची मर्यादा

मराठी छपाईत पुस्तकाचा मजकूर आणि शीर्षक यांचे रस्ते फार लवकर वेगळे झाले. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाप्रेसवर, म्हणजे हाताने लिहिलेले अक्षर दगडावरून कागदावर उतरवून. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरने धातूच्या खिळ्यांना असे देखणे रूप दिले की कित्येक दशके मराठी आणि संस्कृत पुस्तकाचे अक्षर म्हणजे निर्णयसागरचे अक्षर, असेच समीकरण होते. पण ते वळण मजकुराचे होते. देवनागरीच्या एका आकारासाठीच शेकडो खिळे पाडावे लागत. काने, मात्रा, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार यांचा खटाटोप रोमनच्या कितीतरी पट. तेवढा खर्च चार-दोन शब्दांपुरत्या लागणाऱ्या खेळकर शीर्षकासाठी कोण करणार? त्यामुळे लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जाड ‘फॅट फेस’ टाइप निघाले आणि अमेरिकेत पोस्टरांसाठी लाकडी टाइपचा मोठा धंदा उभा राहिला, तशी शीर्षक-टाइपची परंपरा देवनागरीत खिळ्यांच्या रूपाने भरघोस वाढली नाही. बापूराव नाईक यांचा देवनागरीच्या मुद्राक्षरांवरील खंडात्मक ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. या विषयाकडे वळणारा आजही त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

पाश्चात्त्य ‘रेट्रो’चा उल्लेख इथेच करायला हवा, कारण चर्चेत तो वारंवार येतो. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांचा ‘कूपर ब्लॅक’ १९२२ मध्ये बाजारात आला. तो जाड होता आणि त्याच्या टोकांना मऊ गोलाई होती. जाहिरातींसाठी काढलेले हे अक्षर १९६० आणि ७० च्या दशकांत फोटोटाइपसेटिंग व चिकटवायच्या अक्षरांच्या साहाय्याने घरोघर पोहोचले. बीच बॉइजच्या १९६६ च्या ‘पेट साउंड्स’ या तबकडीचे वेष्टन त्याच अक्षरात आहे. आज जगभर गोल जाड अक्षर पाहून ‘सत्तरचे दशक’ आठवते, त्यात या एका टाइपचा वाटा फार मोठा. मराठी वाचकाच्या सत्तरच्या दशकात मात्र छापील टाइप हे काम करत नव्हता. ते काम हात करत होता.

हाताने काढलेले शीर्षक

नाटकांच्या जाहिराती हे त्याचे सर्वांत समृद्ध दालन. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन-तीन इंच रुंदीच्या चौकटीत नाटकाचे नाव, नटसंच, प्रयोगाची वेळ असे सारे बसवायचे आणि शेजारच्या दहा जाहिरातींतून आपले नाटक उठून दिसायला हवे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभापासून या चौकटीत जे केले त्याला मराठीत तोड नाही. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि ‘वस्त्रहरण’ ही शीर्षके एकाच माणसाच्या हातची आहेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही, इतका प्रत्येक नाटकाचा घाट निराळा. अक्षरावरूनच नाटकाची जात ओळखावी, मग ते ऐतिहासिक असो, फार्स असो की कौटुंबिक, हा त्यांचा आग्रह होता. एका शब्दात ‘र’ दोनदा आला तर दोन्ही ‘र’ सारखेच असले पाहिजेत असे बंधन त्यांच्यावर नव्हते. शेजारच्या अक्षराने जागा दिली तर एक लांबवायचा, दुसरा आखडायचा. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या मोकळिकीत आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी.

दिवाळी अंक हे दुसरे दालन. दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’सारख्या अंकांत मुखपृष्ठाचे चित्र आणि कथांची शीर्षके एकाच नजरेने घडत. कथेचे शीर्षक चित्राचाच भाग असे. अशी अक्षरे काळ्या शाईने कागदावर काढून त्यांचा जस्ताचा ब्लॉक करत आणि तो खिळ्यांच्या मजकुराशेजारी बसवत.

तिसरे दालन रस्त्यावरचे. दुकानांच्या पाट्या, एसटी आणि बेस्टच्या गाड्यांवरचे आकडे, रेल्वे स्थानकांची नावे, ट्रकची मागची फळी, कोल्हापूरचे सिनेमाचे बॅनर हे सारे त्यात येते. पेंटरची साधने वेगळी. चपटा ब्रश, तेलरंग, खडूने मारलेली दोरी, पत्रा किंवा भिंत. ब्रशने शिरोरेघ ओढली की तिच्या टोकाला आपोआप एक कापलेला कोन येतो, आणि गोलाई वळवताना रंग जिथे साचतो तिथे अक्षर जाड होते. वर सावली, कडेने पांढरी रेघ, आत रंगांची उतरण. हे अलंकार पेंटरागणिक बदलत. या दालनाची नोंद सर्वांत कमी झाली आहे आणि आजच्या फॉन्टांनी उचल सर्वाधिक इथूनच केली आहे.

फॉन्टांचे आगमन

डीटीपी आले तेव्हा श्रीलिपी, आकृती, सीडॅकची प्रणाली अशी वेगवेगळी पॅकेजे होती. प्रत्येकाची संकेतावली निराळी. त्यांत शीर्षकासाठीही फॉन्ट होते आणि फ्लेक्स छापणाऱ्या दुकानांत त्यांतले कित्येक आजही रोज वापरले जातात. पण ते त्या-त्या पॅकेजात बांधलेले. वेबसाइटवर, मोबाइलवर ते चालत नसत. युनिकोड आणि ओपनटाइप रुळल्यावर ही गाठ सुटली. त्याआधीची पायाभरणी र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्यासारख्यांनी केली होती. जाहिरातक्षेत्र, आयआयटी मुंबईचे आयडीसी आणि पुढे संगणक-संशोधन असा प्रवास केलेल्या जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ घडवला, आणि सुलेखनाच्या अभ्यासावर उभी राहिलेली टाइपरचना ही वाट त्यांच्या विद्यार्थ्यांना दिली.

२०१४ च्या सुमारास गूगलने मुक्त परवान्याचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मोठ्या संख्येने प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि चित्र बदलले. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’ (२०१५) या आढाव्याच्या केंद्रस्थानी ठेवावा लागेल. त्याची देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. जाडी इतकी टोकाला नेली आहे की अक्षरातली पोकळी नुसत्या चिरेएवढी उरते. त्या चिरा एकमेकींना जाऊन मिळतात आणि काळ्या पिंडातून एक सलग पांढरी रेघ वाहत राहते. याच गटाचा ‘बाळू’ त्यापेक्षा मवाळ. मराठी-हिंदीसाठीच्या बाळूला बंगालीत दा, गुजरातीत भाई, मल्याळममध्ये चेट्टन, तमिळमध्ये तंबी अशी भावंडे आहेत आणि सर्वांसोबत रोमन अक्षरेही. दुसऱ्या आवृत्तीत पाच जाड्या मिळाल्या. कॅथरिन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून निघाला. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ फॅट फेसच्या वाटेने गेला, म्हणजे जाडी अफाट आणि बारीक रेघा केसासारख्या. जॉनी पिनहॉर्न यांचा ‘श्रीखंड’ हा शेजारच्या गुजराती पाट्यांच्या वळणाचा. त्यात देवनागरी नाही, पण या घराण्याची कल्पना यायला तो उपयोगी पडतो.

वादाच्या बाजू

पहिली बाजू हाताने अक्षरे काढणाऱ्यांची. शीर्षक हे त्या एका शब्दापुरते जन्मते असे त्यांचे म्हणणे. फॉन्टमध्ये अक्षराला आपला शेजारी आधी ठाऊक नसतो. त्यामुळे ‘मोदक’मध्ये लिहिलेले नाटकाचे नाव आणि फरसाणाचे नाव एकाच आवाजात बोलतात. शिवाय सावली, कडेची रेघ, रंगांची उतरण हे पेंटरचे अर्धे कौशल्य. फॉन्टमध्ये येतो तो बाह्याकार तेवढा. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. ओपनटाइपमध्ये एकाच अक्षराची पर्यायी रूपे देता येतात हे खरे, पण ती आधीच ठरवून ठेवलेली असतात. अक्षर काढणारा समोरचा शब्द पाहून ठरवतो.

दुसरी बाजू टाइपरचनाकारांची. हाताने लेटरिंग करून घेणे ही थोड्यांनाच परवडणारी गोष्ट होती आणि आहे. तालुक्याच्या गावातला छापखाना, शाळेचे हस्तलिखित, बचत गटाचे लोणचे यांना नामवंत अक्षरकार मिळत नाही. त्यांच्यासमोर पर्याय असतो तो डीटीपीतला कुठलातरी सरळसोट फॉन्ट आडवा-उभा ताणण्याचा. ताणलेल्या अक्षरात शिरोरेघ आणि दंड यांच्या जाडीचे प्रमाण बिघडते, गोलाया चेपतात. त्यापेक्षा जाडीसाठीच रचलेला, फुकट मिळणारा, वेब आणि छपाई दोन्हीकडे चालणारा फॉन्ट असणे ही अक्षरांची सेवाच आहे. मजकुराच्या फॉन्टांत देवनागरी बरीच पुढे आली, शीर्षकांच्या बाबतीत ती रोमनपेक्षा अजून फार गरीब आहे, हेही ते दाखवून देतात.

तिसरी बाजू विचारते की या जाडीचे व्याकरण कुणाचे? बोरूचा काप रोमन निबेच्या उलट तिरका, त्यामुळे देवनागरीत जाड-बारीकपणा वेगळ्या जागी पडतो. कूपर ब्लॅकची किंवा फॅट फेसची जाडी उचलून देवनागरीवर चढवली तर अक्षर परके दिसते, असे सुलेखनाच्या परंपरेतले अभ्यासक म्हणतात. ‘रोझा वन’बद्दल हा प्रश्न सर्वाधिक विचारला गेला पाहिजे, कारण त्याची जाड-बारीक विभागणी रोमन फॅट फेसशी नाते सांगते. उलट मत असे की निर्णयसागरच्या खिळ्यांपासून पेंटरच्या ब्रशापर्यंत प्रत्येक नव्या साधनाने देवनागरीचे वळण बदलले आहे आणि मुंबईचा पेंटर एकाच पत्र्यावर इंग्रजी व मराठी रंगवताना दोन्हीकडून उचलत आला आहे. ‘यात्रा वन’मध्ये तर उलटा प्रवास आहे, तिथे रोमन अक्षरे देवनागरीच्या वळणाने वागतात. हा वाद तत्त्वावर सुटेल असे मला वाटत नाही. फॉन्ट घेऊन अवघड शब्द लिहून पाहावेत. ‘कमळ’ किंवा ‘मोदक’ कुठल्याही जाड अक्षरात गोड दिसतो. ‘स्त्री’, ‘राष्ट्र’, ‘उत्कृष्ट’, ‘कुऱ्हाड’, ‘किंमत’ हे शब्द फॉन्टची खरी परीक्षा घेतात. ‘ष्ट्र’मध्ये एका रुंदीत चार-पाच रेघा सामावायच्या असतात आणि ‘किं’मध्ये शिरोरेघेवर वेलांटीचा वळसा व अनुस्वार यांना जागा हवी. ‘मोदक’ने पोकळीची चीर करून हा पेच सोडवला, ‘बाळू’ने जाडी आवरून. दोन्ही उत्तरे देवनागरीच्या आतून आलेली आहेत आणि म्हणूनच हे दोन फॉन्ट टिकतील असा माझा कौल आहे.

चौथी बाजू रस्त्यावरच्या पेंटरांची बाजू घेऊन बोलणाऱ्यांची. दिल्लीचे हनीफ कुरेशी (मृत्यू २०२४) यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ या प्रकल्पात पेंटरांची अक्षरे जमवून त्यांचे फॉन्ट केले आणि फॉन्टला त्या-त्या पेंटरचेच नाव दिले. फ्लेक्सने ज्यांची कामे गेली त्यांच्या शैलीवर इतरांनी नाव आणि पैसा कमवावा हे त्यांना बोचत होते. याला उत्तर असे दिले जाते की पेंटरची शैली एकट्याची नसते. उस्तादाकडून शागिर्दाकडे, एका गल्लीतून दुसरीत ती जाते, तेव्हा श्रेय द्यायचे तर कुणाला? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण ज्या पाटीवरून थेट नक्कल उतरवली तिचा पेंटर शोधून नोंदवणे अवघड नसते, एवढे तरी मान्य व्हायला हरकत नाही.

कुठे शोभते, कुठे नाही

वापराबद्दल मतभेद कमी आहेत. अशी अक्षरे मोठ्या आकारात, थोड्या शब्दांना, भरपूर मोकळ्या जागेत ठेवावीत. दोन ओळींचे शीर्षक असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. ओळींतले अंतर वाढवले की अक्षरांचा एकजीव गठ्ठा सुटतो, म्हणून शब्दांची निवडच विचाराने करावी लागते. वर्तमानपत्राच्या कागदावर आणि प्लास्टिकच्या पाकिटावर शाई पसरते, तिथे ‘मोदक’च्या चिरा बुजतात. पाकिटाच्या पुढच्या बाजूला नाव त्यात चालेल, मागचे घटकपदार्थ चालणार नाहीत. बालपुस्तकाचे मुखपृष्ठ ही या अक्षरांची हक्काची जागा. आतला मजकूर, विशेषतः नुकत्याच वाचायला शिकणाऱ्या मुलांचा, साध्या उघड्या पोकळीच्या अक्षरातच हवा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक मुलाला डोळ्याने सहज दिसला पाहिजे. निधनवार्ता, सरकारी सूचना, औषधाचे वेष्टन इथे या अक्षरांचा खेळकरपणा बोचतो. फ्लेक्सवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ गुबगुबीत अक्षरांत पाहिली की वाईट वाटते. अक्षर निवडणाऱ्याला पर्याय कुणी दाखवलेच नाहीत, हे त्यामागचे कारण असते.

एक नवी गरज मात्र कायद्याने निर्माण केली आहे. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असावी आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, हा नियम २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. हजारो दुकानांकडे इंग्रजी बोधचिन्ह आधीच होते, त्याच तब्येतीची मराठी जोडी हवी झाली. रोमन आणि देवनागरी एकत्र रचलेल्या फॉन्टांचे मोल इथे कळते. पण यामुळे तिसऱ्या बाजूचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जोडी जुळवताना नेहमी देवनागरीनेच रोमनकडे झुकायचे का? मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर आज दिसणाऱ्या पाट्यांत तो झुकाव स्पष्ट आहे.

सुटायचे राहिलेले

पहिला प्रश्न मराठी रूपांचा. १० नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूपे ठरवून दिली आहेत. त्यांच्या जोडीला मराठीचे ५, ८, ९ हे अंक आणि ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतला ‘ऱ’ येतो. चांगल्या देवनागरी फॉन्टात मराठी आणि हिंदी दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरला सांगितले तरच मराठी रूपे समोर येतात. हे सांगायची सोय अनेक प्रणालींत दडलेली असते आणि जुन्या आवृत्त्यांत नसतेही. मजकुरात हिंदी ‘ल’ आला तर तो चुकून नजरेआड होईल, पण चार फुटी पाटीवर तो दिसणारच. मराठी रूपे मूळ धरून हिंदी रूपे पर्यायी ठेवावीत, असे काही जण सुचवतात. हिंदीच्या मोठ्या बाजारामुळे रचनाकार त्याला राजी होतील का, हा व्यवहाराचा भाग.

दुसरा प्रश्न वाचनसुलभतेचा. किती जाडी झाली की जोडाक्षर ओळखू येईनासे होते, किती अंतरावरून कोणती पाटी वाचता येते, यावरची चर्चा बरीचशी जाणत्या डोळ्यांच्या अंदाजावर चालते. रस्त्यावरच्या पाट्यांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी या अंदाजांची पद्धतशीर कसोटी घ्यायला हवी.

तिसरा हक्काचा. २००२ मध्ये कॉपीराइट बोर्डाने ‘आनंद एक्स्पांडेड इटॅलिक्स’ या प्रकरणात टाइपफेसची कलाकृती म्हणून नोंद नाकारली. फॉन्टची फाइल सॉफ्टवेअर म्हणून संरक्षित राहते, अक्षरांचा घाट मात्र धूसर जागेत पडतो. मुक्त परवान्याने प्रसिद्ध केलेल्या फॉन्टांना याची झळ कमी बसते, कारण वापरण्याची आणि बदलण्याची मुभा मुळातच दिलेली असते. खरी झळ बसते ती पेंटराला आणि अक्षरकाराला.

यातूनच निघणारा चौथा प्रश्न पुनरुज्जीवनाचा आहे. शेडग्यांनी ‘माझी अक्षरगाथा’सारख्या पुस्तकांतून आपले काम नोंदवून ठेवले, बहुतेक अक्षरकारांच्या बाबतीत तेवढेही झाले नाही. उद्या ‘वस्त्रहरण’च्या शीर्षकावरून फॉन्ट करायचा म्हटले तर हाताशी असतील ती पाच अक्षरे, त्यांतले एक जोडाक्षर. उरलेली शेकडो रूपे नव्या रचनाकाराला स्वतः कल्पावी लागतील. ‘क्ष’चा वळसा, ‘ळ’ची गाठ, ‘ई’चा फरकाटा यांबद्दल मूळ शीर्षक काहीच सांगत नाही. असा फॉन्ट शेडग्यांचा म्हणायचा की नव्या रचनाकाराचा? काहींच्या मते घाटाचे बीज ज्याचे त्याचे नाव पुढे हवे. काहींना वाटते की पाच अक्षरांवरून पाचशे उभी करणे हे स्वतंत्र काम आहे. आणि काही असेही म्हणतात की ज्या शीर्षकाची थोरवी एकदाच घडण्यात होती त्याचा फॉन्ट करूच नये, मूळ कलाकृती आणि ब्लॉकचे ठसे तेवढे संग्रहालयात नीट जपावेत.